समुद्राच्या पाण्याचा जमाखर्च: कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर नमुना कसा घ्यावा, तपासावा आणि वाचावा

कोकणातल्या कॉलेजांमध्ये ‘खाडीच्या पाण्याचं पृथक्करण’ हा नेहमीचा प्रकल्प आहे. शेवटी हाती येतो तो एक तक्ता. सामू इतका, क्षारता इतकी, ऑक्सिजन इतका, नायट्रेट इतकं. खाली एक ओळ असते, ‘पाणी मर्यादेत आहे’. कसली मर्यादा, हे कुणी विचारत नाही. पिण्याच्या पाण्याचे निकष समुद्राला लावलेले अहवालही मी वाचलेत. मोजमापं तीच ठेवून त्यातून खरंच काही कळावं, यासाठी हा लेख. बीएस्सीच्या विद्यार्थ्यांना, शाळा-कॉलेजातल्या शिक्षकांना आणि कोळंबीचे तलाव सांभाळणाऱ्यांना यातलं बरंचसं करता येईल.

आधी थोडं रसायन

समुद्राच्या पाण्यात विरघळलेले पदार्थ ढोबळमानाने दोन जातींचे. पहिल्या जातीत क्लोराइड, सोडियम, सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम. एकूण क्षारांचा ९९ टक्क्यांहून जास्त भाग या सहांचाच. त्यांचा साठा इतका मोठा आहे की जिवांनी घेतलं काय नि टाकलं काय, जवळजवळ फरक पडत नाही. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन-जहाजाने जगभरातून आणलेल्या ७७ नमुन्यांचं पृथक्करण विल्यम डिटमार यांनी केलं आणि १८८४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. एकूण क्षार कमीजास्त असले तरी त्यांचं आपसातलं प्रमाण सगळीकडे सारखंच, हे त्यातून पक्कं झालं. म्हणून नुसतं क्लोराइड मोजलं तरी क्षारता, म्हणजे किलोभर पाण्यातले क्षारांचे ग्रॅम, काढता येते.

दुसऱ्या जातीत नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट, म्हणजे पोषकद्रव्यं. ही सगळी लिटरमागे मायक्रोमोलमध्ये (मोलच्या दहा लाखाव्या भागात) मोजावी लागतात, आणि इथे मात्र जीव साठा अक्षरशः चाटूनपुसून संपवतात. उजेडात वाढणारे वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, ती शोषून घेतात. ते मेले किंवा खाल्ले गेले की त्यांचे अवशेष आणि विष्ठा खाली जाते. तिथे जिवाणू ती कुजवतात, त्यासाठी ऑक्सिजन खर्च होतो आणि नायट्रेट-फॉस्फेट पुन्हा पाण्यात येतं, पण आता अंधारात. वर खेचून आणणारं काही घडेपर्यंत ते तिथेच राहतं. अल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ मध्ये दाखवलं की प्लवकांच्या शरीरातलं नायट्रोजन-फॉस्फरसचं प्रमाण आणि खोल समुद्राच्या पाण्यातलं प्रमाण जवळपास एकच आहे. आज वापरतात तो आकडा असा: कार्बन १०६, नायट्रोजन १६, फॉस्फरस १. एवढं कुजवायला ऑक्सिजनचे १३८ रेणू लागतात. डायटम या सिलिकाचं कवच असलेल्या प्लवकांना त्याखेरीज नायट्रोजनच्या जवळपास बरोबरीने सिलिकॉन लागतं.

यातून कामाचा नियम निघतो. पाणी कुठून आलं ते क्षारता सांगते, आणि वाटेत जिवांनी त्याचं काय केलं ते ऑक्सिजन आणि पोषकद्रव्यं सांगतात. त्यामुळे तापमान, क्षारता, ऑक्सिजन आणि पोषकद्रव्यं ही चारही मापं एकाच जागी, एकाच वेळी घ्यायची. सोमवारी घेतलेली क्षारता आणि गुरुवारचं नायट्रेट शेजारी मांडून काही उपयोग नाही.

जागा आणि वेळ

खाडीत काम करणार असाल तर ‘अमुक पूल, अमुक जेटी’ अशा ठरावीक जागा धरू नका. भरतीला जेटीखाली समुद्र असतो आणि ओहोटीला नदी. जागेऐवजी क्षारता धरा. एकाच ओहोटीत मुखापासून वर जात जात ३५, ३०, २५ असं करत शून्यापर्यंत साधारण सात-आठ ठिकाणी पाणी घ्या. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणारं छोटं उपकरण) हातात ठेवा, आकडा बदलला की थांबा. अष्टमीच्या सुमाराच्या भांगेला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, पाण्याची ओढ कमी असते, त्यामुळे होडी थांबवणं सोपं जातं. उधाणाला गाळ ढवळतो, आणि गाळातून सुटलेलं फॉस्फेट आकडे बिघडवतं.

नदी निवडताना तिच्यात पाणी कुठून येतं तेही बघा. वाशिष्ठीत कोयना प्रकल्पाचं अवजल येतं, म्हणजे घाटावर पडलेला पाऊस वीज तयार करून चिपळूणकडे उतरतो. कोकणातल्या बहुतेक नद्या मे महिन्यात जवळपास आटतात, वाशिष्ठीत गोडं पाणी येत राहतं. शास्त्री किंवा कर्लीशी तिची तुलना करताना हे लक्षात नसेल तर नको ते निष्कर्ष निघतात.

समुद्रात जायचं असेल तर वर्षातून निदान तीन फेऱ्या हव्यात: मे, सप्टेंबरअखेर आणि फेब्रुवारी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, आणि तसंही त्या दर्यात हौसेने जाण्यासारखं काही नाही. जून-जुलैचे नमुने खाडीच्या आतल्या जेटीवरून घ्या. होडीवर तांडेल (होडीचा प्रमुख) सांगेल ते ऐकायचं, आणि लाइफ जॅकेट अंगात घालायचं, नुसतं शेजारी ठेवायचं नाही.

बाटल्या

निम्म्या चुका बाटलीतच होतात. पोषकद्रव्यांसाठी प्लास्टिकच्या बाटल्या घ्या, कारण काचेतून सिलिकेट पाण्यात उतरतं. धुताना डिटर्जंट अजिबात नको, बऱ्याच पावडरींत फॉस्फेट असतं. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर बुडवा आणि ऊर्ध्वपातित पाण्याने तीन-चारदा विसळा. प्रयोगशाळेच्या सवयीने नायट्रिक आम्ल वापरलंत तर नायट्रेट तुम्हीच घातलं असं होईल. नमुना घेताना त्याच पाण्याने बाटली दोनदा विसळायची आणि तोंडाला बोट लावायचं नाही.

ऑक्सिजनसाठी मात्र घासलेल्या बुचाची काचेचीच बाटली हवी, १२५ किंवा ३०० मिलीची.

खोलवरचं पाणी आणायला निस्किन सॅम्पलर, म्हणजे हव्या त्या खोलीवर दोन्ही टोकं बंद होणारं नळकांडं, लागतो. दगड बांधलेली बाटली खाली सोडून दोरीने बूच ओढायचं, हा जुना जुगाड क्षारता आणि पोषकद्रव्यांना चालतो. ऑक्सिजनला चालत नाही, कारण बाटली भरताना आतली हवा बुडबुडत त्याच पाण्यातून वर जाते. जवळच्या मत्स्य महाविद्यालयात निस्किन उसना मिळतो का ते विचारा.

होडीवरचा क्रम

सॅम्पलर वर आला की सर्वांत आधी ऑक्सिजन. नळीचं टोक बाटलीच्या तळाला टेकवा, पाणी हळू सोडा आणि बाटलीच्या दोन-तीन पट पाणी ओसंडून जाऊ द्या. नळी काढता काढता बाटली काठोकाठ भरलेली राहिली पाहिजे. मग पिपेटचं टोक पाण्याखाली नेऊन मॅंगनस सल्फेट आणि त्यानंतर अल्कधर्मी आयोडाइड घाला, ३०० मिलीच्या बाटलीला प्रत्येकी २ मिली आणि १२५ ला प्रत्येकी १ मिली. बूच बसवा, बुडबुडा अडकला नाही ना ते बाटली उलटी करून पाहा, आणि वीसेक वेळा वरखाली करा.

आता त्या गाळाकडे नीट बघा. हा विंकलर यांनी १८८८ मध्ये मांडलेला प्रयोग आहे आणि त्याच्याइतकं समुद्रावर चटकन उत्तर देणारं दुसरं काही मला माहीत नाही. वरच्या पाण्याचा गाळ गडद तपकिरी येतो, भिजलेल्या चहापत्तीसारखा. ऑक्सिजन कमी असेल तर फिकट बदामी. आणि गाळ पांढराच राहिला तर त्या पाण्यात ऑक्सिजन उरलेलाच नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियममुळे पांढरा गाळ थोडा जास्तच पडतो, त्याने गोंधळू नका, त्यावर चढलेला तपकिरी रंग महत्त्वाचा. सप्टेंबरात वरची आणि तळाची बाटली शेजारी ठेवली की वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलांनाही वेगळं सांगावं लागत नाही.

आम्ल घालणं आणि टायट्रेशन (ठाऊक तीव्रतेचं द्रावण थेंबाथेंबाने घालून मोजणं) किनाऱ्यावर आल्यावर, त्याच दिवशी. तोवर बाटल्या अंधारात ठेवा.

त्यानंतर पोषकद्रव्यांच्या बाटल्या. शक्य असेल तर ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेन फिल्टरमधून गाळून घ्या आणि लगेच बर्फाच्या पेटीत. उन्हात ठेवलेल्या बाटलीत प्लवक जेवत राहतात. लगेच तपासणी होणार नसेल तर नायट्रेट आणि फॉस्फेटचे नमुने गोठवा. सिलिकेटचा नमुना गोठवू नका, नुसता फ्रिजमध्ये ठेवा. खाडीतलं जास्त सिलिकेट गोठल्यावर एकमेकांना चिकटून बसतं आणि आकडा कमी येतो. क्षारतेची बाटली सर्वांत शेवटी.

क्षारता

रिफ्रॅक्टोमीटर कोळंबीवाल्यांकडे असतोच. त्याचा शून्य ऊर्ध्वपातित पाण्यावर लावतात, पण आपलं काम ३० ते ३६ च्या टप्प्यात असतं, तेव्हा तिथलीही एक खूण तपासा. ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड ९६३.५ ग्रॅम पाण्यात विरघळवलं की ते द्रावण ३५ दाखवायला हवं. एक एककापर्यंतचा फरक या उपकरणात धरूनच चालायचं.

अधिक नेमकं हवं असेल तर सिल्व्हर नायट्रेटचं टायट्रेशन. इथे समुद्रशास्त्रज्ञ हार्वे यांची एक सुंदर सोय आहे. लिटरमागे २७.२५ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण करा, १० मिली नमुना घ्या, पोटॅशियम क्रोमेटचे चार थेंब घाला आणि विटकरी रंग टिकेपर्यंत टाका. ब्युरेटचं वाचन जितके मिली, जवळपास तितकीच क्षारता. ३४.९ मिली लागले तर पाणी ३५ चं. हातमोजे घाला, बोटांवरचे काळे डाग आठवडाभर जात नाहीत.

जगाची सरासरी ३५ असली तरी अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त, त्यामुळे मोकळ्या समुद्राचं पृष्ठजल ३६ च्या वरही जातं. मे महिन्यात ३६ आलं म्हणून उपकरणाला दोष देऊ नका.

ऑक्सिजनचा हिशेब

किनाऱ्यावर आल्यावर गाळ बसला की आधीच्या एका द्रावणाइतकंच (३०० मिलीच्या बाटलीला २ मिली, १२५ ला १ मिली) संहत सल्फ्युरिक आम्ल घाला, गाळ विरघळून पिवळं-तपकिरी पाणी होतं. त्यातलं २०० मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करा. पेंढ्यासारखा फिका पिवळा रंग आला की मगच स्टार्च घाला, आणि निळा जाईपर्यंत पुढे. एक मिली थायोसल्फेट म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम ऑक्सिजन. ५० मिली घेतलं असेल तर चारने गुणा. काही मिनिटांनी निळा रंग परत आला तर तो सोडून द्या.

हा आकडा नुसता लिहू नका. त्या तापमानाला आणि क्षारतेला पाणी किती ऑक्सिजन धरू शकतं ते शेजारी लिहा. ३५ क्षारतेचं पाणी २८ अंशांना साधारण ६.४ आणि २२ अंशांना साधारण ७.१ मिलिग्रॅम धरतं, तर गोडं पाणी २८ अंशांना ७.८. म्हणजे गोड्या पाण्याच्या कोष्टकावरून समुद्राला ‘ऑक्सिजनची कमतरता’ ठरवली तर सगळाच किनारा आजारी निघेल. वहीत हवा तो फरक, म्हणजे धरू शकला असता किती आणि आहे किती. तो जिवांनी केलेला खर्च.

पोषकद्रव्यं, आणि किटचा सापळा

मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या नायट्रेट किटची पहिली रंगपट्टी बहुधा लिटरमागे ५ मिलिग्रॅमची असते. नायट्रेटचं रेणुभार ६२, म्हणजे ती पट्टी होते सुमारे ८० मायक्रोमोल. अरबी समुद्राच्या खोल पाण्यातही नायट्रेट तिशीच्या आसपास असतं. थोडक्यात, समुद्राचं कुठलंही स्वच्छ पाणी या किटवर ‘शून्य’च येणार. त्या शून्यावर ‘प्रदूषण नाही’ असा निष्कर्ष काढलेले प्रकल्प बक्षीसही घेऊन जातात. किट तलावाला ठीक, समुद्राला नाही.

त्यामुळे स्पेक्ट्रोफोटोमीटर (ठरावीक तरंगलांबीवर रंगाची गडदता मोजणारं यंत्र) हवाच. फॉस्फेटसाठी १९६२ ची मर्फी-रायली पद्धत: अमोनियम मॉलिब्डेट, अँटिमनी, ॲस्कॉर्बिक आम्ल, सल्फ्युरिक आम्ल, आणि येणारा निळा रंग ८८० नॅनोमीटरच्या आसपास मोजायचा. शाळेतल्या साध्या कलरीमीटरवर तितकी तरंगलांबी नसते, ७०० वर काम भागतं पण बारकावा जातो. सिलिकेटचाही मॉलिब्डेटशीच रंग येतो, फॉस्फेटची लुडबुड थांबवायला ऑक्झॅलिक आम्ल घालायचं. नायट्रेट आधी तांब्याचा मुलामा दिलेल्या कॅडमियमच्या स्तंभातून नायट्राइट करून घ्यावं लागतं आणि मग गुलाबी रंग ५४३ वर मोजतात. कॅडमियम विषारी आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हाती ते देऊ नये असं माझं मत. तेवढे नमुने विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत द्या.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना लागू. प्रमाण द्रावणं, म्हणजे तुलनेसाठीची ठाऊक तीव्रतेची द्रावणं, नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यात करू नका. लिटरमागे ३५ ग्रॅम शुद्ध मीठ घातलेल्या पाण्यात करा. खाऱ्या पाण्यात रंग वेगळा येतो, सिलिकेटच्या बाबतीत तर ठळकपणे.

आकडे वाचणं

खाडीचे आकडे असे वाचायचे. आडव्या अक्षावर क्षारता, उभ्यावर सिलिकेट. नदीच्या टोकाचा बिंदू आणि समुद्राच्या टोकाचा बिंदू सरळ रेषेने जोडा. नुसती गोड्या-खाऱ्याची मिसळ होत असेल तर मधले सगळे बिंदू या रेषेवर पडतील. बिंदू रेषेच्या खाली गेले तर वाटेत काहीतरी काढून घेतलं जातंय, वर गेले तर घातलं जातंय. समजा नदीत सिलिकेट १५० मायक्रोमोल आहे, ३५ क्षारतेच्या समुद्रात ५. मग १७.५ क्षारतेला साडेसत्त्याहत्तर अपेक्षित. मोजल्यावर ५० आलं तर साडेसत्तावीस कुणीतरी घेतलं, आणि कोकणच्या खाडीत पहिला संशय डायटमवर. सह्याद्रीचा बेसाल्ट झिजून आलेली सिलिका नदीत भरपूर असते, त्यामुळे हा आलेख इथे फार बोलका येतो. त्याच पानावर फॉस्फेट काढा. मध्येच एखादा बिंदू रेषेच्या वर उडी मारतो, आणि बरेचदा त्या जागी वरच्या अंगाला सांडपाण्याचा नाला असतो. पुराच्या आठवड्यात मात्र हा आलेख काढू नका. नदीचं टोकच रोज बदलत असताना रेषा कशाला जोडायची?

समुद्राचे आकडे वाचायला रेडफील्डचं प्रमाण. सप्टेंबरअखेरचं एक कल्पित तळपाणी घेऊ: तापमान २२ अंश, क्षारता ३५, ऑक्सिजन जवळजवळ शून्य. धरू शकलं असतं ७.१ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे २२२ मायक्रोमोल, सगळा खर्च झाला. १३८ ला १६ या हिशेबाने २२२ ला जवळपास २६ मायक्रोमोल नायट्रेट आणि १.६ फॉस्फेट परत आलेलं असायला हवं. फॉस्फेट १.६ मिळालं, नायट्रेट मात्र ८ च. उरलेलं १८ गेलं कुठे? ऑक्सिजन संपल्यावर जिवाणू नायट्रेटवर श्वसन करतात आणि त्याचा नायट्रोजन वायू करून सोडतात. मधल्या पायरीवर नायट्रस ऑक्साइडही निसटतो. नायट्रेटही संपलं की सल्फेटची पाळी, आणि मग हायड्रोजन सल्फाइड. फॉस्फेटला असा वायू होऊन पळायला वाट नाही, म्हणून त्याच्याशी ताडून नायट्रेटची तूट पकडता येते. तळाच्या गाळातूनही फॉस्फेट सुटतं, तेव्हा एकाच बाटलीवर फार जोर देऊ नका.

हे आपल्या दारात घडतं. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खालचं थंड, ऑक्सिजन कमी असलेलं, पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी उथळ भागावर चढतं. एरवी ते पृष्ठभागावर येऊन हवा खातं. इथे पाऊस आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा काही मीटर जाडीचा हलका थर त्याच्यावर झाकण घालतो. वर प्लवकांची भरघोस वाढ, ती कुजायला खाली, आणि खाली नवीन ऑक्सिजन नाही. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था १९९७ पासून कांदोळीसमोर, किनाऱ्यापासून साधारण १० किलोमीटरवर, एका ठरल्या जागी हे मोजत आली आहे. १९९९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागात तळाला हायड्रोजन सल्फाइड आणि विक्रमी नायट्रस ऑक्साइड सापडला. सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणून सप्टेंबरची फेरी चुकवू नका. वरवर २८ अंश, दर्या शांत, आणि वीस मीटरवर वेगळंच पाणी. तळपाण्याला सडक्या अंड्यांचा वास आला तर विंकलरचे आकडे धरू नका, सल्फाइड आयोडीन खाऊन टाकतं.

फेब्रुवारीचं पाणी निराळं. उत्तरेचा कोरडा वारा पृष्ठभाग थंड करतो, जड झालेलं पाणी खाली जातं आणि खालची पोषकद्रव्यं वर येतात. गोव्याच्या उत्तरेला हे जास्त. या दिवसांत हिरवी नॉक्टिल्युका (एक एकपेशी प्लवक) माजते, रात्री लाटा निळ्या चमकतात तीच ही. मे महिन्यात उलट परिस्थिती. नायट्रेट मोजता येणार नाही इतकं कमी, आणि तरी पाण्यावर लाकडाच्या भुशासारखे पट्टे. ते ट्रायकोडेस्मियम, हवेतला नायट्रोजन स्वतःच बांधून घेणारं प्लवक. त्याच्या पट्ट्यात पाण्याचा नमुना घेतलात तर वहीत तशी नोंद करा, नाहीतर पुढच्या वर्षी तो आकडा कुणालाच उलगडणार नाही.

उरलेलं पाणी

टायट्रेशन झालेलं चांदीचं आणि क्रोमेटचं पाणी, मॉलिब्डेट-अँटिमनीचं पाणी आणि कॅडमियम स्तंभातून आलेलं पाणी अशा तीन वेगळ्या, चिठ्ठी लावलेल्या कॅनमध्ये साठवा. बेसिनमध्ये ओतलं की ते शेवटी त्याच खाडीत जातं. सिल्व्हर क्लोराइडचा गाळ खाली बसू द्या आणि वेगळा वाळवून ठेवा, सिल्व्हर नायट्रेटची किंमत पाहता तो फेकण्यासारखा नाही. बाकीचे कॅन घातक रासायनिक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यायचे. ती सोय कॉलेजात आहे का, हे पहिली बाटली भरण्याच्या आधीच विचारून घ्या.